टीप एकशे चौदा

मंजुळा गेल्याचं कळलं तेव्हा तिचा नवरा हिलाल तिच्याच प्रबंधाचं एकशे साठावं पान टाइप करत होता. सोनगीरजवळ हायवेवर ट्रकनं रिक्षा उडवली, असा निरोप शेजारच्या दुकानातल्या फोनवर आला. अर्धी ओळ तशीच टाकून तो उठला.

दोन महिन्यांनी तो पिंप्राळ्याच्या खोलीत पुन्हा मशीनपुढे बसला. मंजुळाचे मार्गदर्शक पंडित सर येऊन सांगून गेले होते, "विद्यापीठ तिच्या नावानं प्रबंध घेईल, पण तीस एप्रिलच्या आत. तळटिपा पुऱ्या करा. गाणं सांगणारीचं पूर्ण नाव, गाव, तारीख. नुसती 'सोनगीरची भागाबाई' चालणार नाही."

मंजुळानं पाच वर्षं आखाजीची, अक्षय्यतृतीयेला बायका म्हणतात ती, गाणी गोळा केली होती. पूर्ण नावासाठी बाकीच्या बायकांनी नवऱ्याचं नाव उखाण्यात का होईना, घेतलं होतं. भागाबाईनं नाही. वहीत मंजुळाची पेन्सिलीतली नोंद होती : 'त्यांच्या तोंडून आल्याशिवाय नाव लिहायचं नाही.'

हिलालनं सोनगीरच्या मास्तरांना कार्ड टाकलं. उत्तर आलं : भागाबाई झिपरू पाटील. त्यानं चार कागद, मध्ये तीन कार्बन घालून टीप एकशे चौदा टाइप केली, मशीन तसंच ठेवून खोलीतल्याच मोरीत अंघोळीला गेला.

परत आला तर 'झिपरू'च्या जागी कोरा कागद होता. मशीनवर रबराचा भुगा पडला होता. दाराला आतून कडी होती.

वरचा कागद खोडला तर खालच्या प्रती तशाच राहतात. वीस वर्षं टायपिंग केलेला तो, त्याला हे ठाऊक होतं. त्यानं कार्बन उचलून पाहिले. चारही प्रती कोऱ्या.

पुन्हा टाइप केलं. पुन्हा गेलं. तिसऱ्यांदा तो मशीनपुढून हललाच नाही. फक्त रुमालानं चष्मा पुसला, तेवढ्यात नाव गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सोनगीर गाठलं. भागाबाई ओट्यावर तूर निवडत होती.

"बस रे भाऊ. नावसाठेच उना ना? तुनी घरवाली बी त्येच इचारस."

"कधी विचारलं होतं?"

"कालदिन. रोजच येस. मी तिले सांगं, पहिले तू तुना मालकनं नाव ले, मंग मी लेसू. तोंडच उघाडस नही. गुपचूप बठी ऱ्हास."

"आक्का, माझं नाव हिलाल. मी सांगतो ना."

"तू सांगीसन काय उपेग? तिनी सांगाले पाहिजे." म्हातारी हसली. "पक्की शे रे तुनी बायको."

"ती बसते कुठे?"

भागाबाईनं सुपातून मान वर केली. त्याच्याकडे नाही, त्याच्या डाव्या खांद्याशेजारी पाहिलं.

"जरासा सरक ना, भाऊ. तिले जागा दे."

हिलाल सरकला.

तीस एप्रिल उलटून गेली. प्रबंध बांधून तयार आहे. टीप एकशे चौदामधलं नाव भरायचं राहिलं आहे.