फौजदार पाठीवर का यायचा

दार लोटून घ्या. मध्ये कुणी बोलायचं नाही. ज्याच्यावर हे गुजरलं तो गवंडी अजून रोज कामावर जातो, आणि पदरचं घालून सांगायची त्याला सवय नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. नऊ फेब्रुवारी, शुक्रवार, रात्रीचे पावणेदहा. गवंडी परसात गेला तो साध्या कामाला. खुराड्यातला कोंबडा काढायचा, पोत्यात घालायचा आणि दोन किलोमीटरवरच्या चिकनवाल्याच्या पिंजऱ्यात सोडून यायचा. रात्र मुद्दाम निवडलेली. कोंबडा दिवसा वाघ असला तरी अंधारात आंधळा. दांडीवरून उचलला तरी हूं की चूं करत नाही.

घरात त्याला फौजदार म्हणत. अकरा कोंबड्यांत तो एकटा नर. पाठीमागून यायचा आणि पायामागच्या टोकदार नखाने फाडायचा. गवंड्याच्या बायकोची पोटरी फाडली, नळ दुरुस्त करणाऱ्याची पँट फाडली. दरवेळी वेळ दिवेलागणीची, आणि माणूस मागच्या फाटकातून आत येणारा. पण हे तेव्हा कुणी जुळवून पाहिलं नाही.

गवंड्याने त्याला वठणीवर आणायचे सगळे उपाय केले होते. पहिला नियम, कोंबड्याला पाठ दाखवायची नाही. पळायचं नाही, तो एक पाऊल आला तर आपण दोन टाकायची. तरी ऐकलं नाही तर धरायचं, काखेत दाबायचं आणि कोंबड्यांसमोरून परसभर मिरवायचं. चारचौघींत अब्रू गेली की नर नरमतो. बायको म्हणाली, हा उपाय तुमच्यावर आधी करायला हवा होता. नखं घासून बोथट केली, ती पुन्हा वाढली. फौजदार आठवडाभर साधू व्हायचा, की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

त्या मंगळवारी त्याने पाच वर्षांच्या नातीचा गाल फाडला. डोळ्याखाली चार टाके. डॉक्टर म्हणाले, बोटभर वर असतं तर डोळा गेला असता. नवरा वारल्यापासून लेक पोरीला घेऊन बापाकडे राहत होती, शिलाईच्या कारखान्यात जात होती. ती रडली नाही, भांडली नाही.

"बाबा, शनिवारी सकाळी तो खुराड्यात दिसला तर मी पोरीला घेऊन जाते. कुठे ते विचारू नका."

बॅग भरून दाराशी ठेवली. गवंडी हसून बोलायचा तो घरात फक्त त्या नातीशी.

सुरी चालवणं त्याला जमलं नसतं. पिल्लू असल्यापासून हाताने वाढवलेला. पण तसं कबूल करणाऱ्यातला तो नाही.

नात गाढ झोपली होती. तिचं पांघरूण नीट करून तो मागच्या फाटकातून निघाला. चंद्र नव्हता. पोतं छातीशी धरलेलं, आत फौजदार गप्प. वीटभट्टीपाशी दिव्यांचे खांब संपले. पुढे ओढ्यावरचा लहान पूल. ओढा नोव्हेंबरपासून कोरडा.

पुलावर पोतं हललं.

आंधळा पक्षी, अंधारात, पोत्यात... आणि घुरघुरत होता, मानेची फुललेली पिसं तागाआडून हाताला लागत होती. चोच पोत्याआतूनच गवंड्याच्या खांद्यावर टेकलेली, मागे रोखलेली.

गवंडी थांबला. मागे एक पाऊल वाजलं. तेही थांबलं.

"आजोबा..."

नातीचा आवाज. अगदी तोच.

रात्री मागून हाक आली तर वळायचं नाही, हे आईने शिकवलेलं. पाठ दाखवायची नाही, हे कोंबड्याने शिकवलेलं. आता काय करायचं?

नात तर झोपली आहे. पण उठून मागे आली असली तर? अनवाणी? पोत्याचं तोंड सोडलं आणि मागे खरंच ती असली तर...

"पुढे ये," तो म्हणाला. "माझ्यासमोर ये बाळा."

काही नाही.

"समोर ये."

"आजोबा, तुम्हीच वळा ना..."

आता मानेशी. अगदी कानाखाली.

नातीचं डोकं जेमतेम त्याच्या कमरेला पोचायचं.

गवंड्याने सुतळी ओढली. न वळता पोतं खांद्यावरून मागे उलटं केलं.

पंख फडफडले. एकदा. दोनदा. किंकाळी नाही. पाऊल नाही. मग...

काहीच नाही.

घर मागे होतं. घरी जायचं तर वळावं लागलं असतं. तो कठडा धरून पुढे तोंड करून उभा राहिला. रात्रभर. एक पाय उचलायचा, ठेवायचा. दुसरा उचलायचा. कोंबडा आपण कुणावर सोडला, हे डोक्यातून जाईना.

सव्वासहाला फटफटलं आणि मागून बांग आली. तेव्हा तो वळला. रस्ता रिकामा. कठड्यावर फौजदार.

त्याला काखेत धरून गवंडी घरी आला. लेक दारातच होती. हातात बॅग, शेजारी पोर.

"म्हणजे परत आणलात त्याला," ती म्हणाली.

 गवंडी नातीसमोर उकिडवा बसला. मंगळवारी कोंबडा पाठीमागून आला होता, मग लागलं गालाला कसं, असं त्याने विचारलं.

"मी मागे वळले ना. आईने हाक मारली."

 मंगळवारी दिवेलागणीला लेक कारखान्यात होती. तिने कोंबड्याकडे पाहिलं. मग बॅग आत नेली, परसात गेली आणि मागच्या फाटकाला कुलूप घालून आली.

फौजदाराला खाली सोडताना गवंड्याला दिसलं. उजव्या पायाच्या त्या नखाला केस गुंडाळले होते. हातभर लांब. पांढरे. चिंब ओले. ब्लेडने कापून काढावे लागले.

ते त्याने काचेच्या बरणीत ठेवले आहेत. मे महिन्यात झाकण काढून बरणी आठ दिवस पत्र्यावर उन्हात ठेवली होती.

केस अजून वाळलेले नाहीत.