पांढरी एकचा ट्यूबा

ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं. पुढे हसू येणार नाही. मळमळेल कदाचित.

ही गोष्ट आमच्या दादाची. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. खोटं बोलणं त्याला जमतच नाही. पत्त्यात चांगली पानं आली तरी त्याचे कान लाल होतात. हे सगळं त्याने मला सांगितलं तेव्हा त्याचे कान पांढरेफटक होते.

आणि रात्रीबित्रीची वाट बघू नका. हे घडलं लख्ख उन्हात. भर दुपारी. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत.

दादा जुने ट्यूबा दुरुस्त करतो. बँडमधलं ते सगळ्यात अवाढव्य पितळी वाद्य, मांडीवर घेतलं की माणूस मागे लपून जातो, तो ट्यूबा. मोडका विकत आणायचा, पोचे काढायचे, सांधे झाळायचे, जाम झालेल्या कळा सोडवायच्या. जीव लावायचा आणि मग विकायचाच नाही! प्रत्येकाचा मूळ सूर पेटीच्या वेगळ्या पट्टीचा. काळी पाचचा तो थोरला, सगळ्यात खर्जातला. काळी दोनचा रुसका. पांढरी चारचं शेंडेफळ. पांढरी एकचा मधला तेवढा नव्हता.

"तीन पोरं झाली, तरी तुझा पाळणा हलायचा थांबत नाही," वहिनी म्हणायची.

पण मधला हवा होता तो तिच्याचसाठी. वहिनी बँडमध्ये पांढरी एकचाच ट्यूबा वाजवायची. मग तिची फुप्फुसं आजारली. जिना चढताना मध्येच बसायची आणि हसून म्हणायची, "पायरी मऊ आहे रे." चिडून तिने आपला ट्यूबा देऊन टाकला. बरी झाली, पण श्वास परतला नाही. बँडमधली तिची खुर्ची अजून रिकामी होती. पण खुर्ची कुणासाठी किती दिवस थांबते?

"हळूहळू फुंकायला लागा," डॉक्टर म्हणाले होते.

म्हणून दादा मधला शोधत होता.

तो मिळाला एका म्हातारीकडे. तिचा भाऊ वाजवायचा. खोलीच्या कोपऱ्यात ट्यूबा उभा होता, वर चादर. म्हातारी दारातच थांबली. नाकाला रुमाल लावून.

"वाजवता वाजवताच गेला हो तो. लांब सूर धरला होता... सूर संपला, आणि तो परत श्वास घ्यायचा राहिलाच. तेव्हापासून इतकी वर्षं याला कुणी तोंड लावलेलं नाही."

"वाईट झालं, आजी."

"एक ऐका. आधी धुवा. उकळत्या पाण्याने. मगच तोंड लावा."

"आजी, हा माझा धंदाच आहे," दादा म्हणाला.

धंदाच होता. आणि तिथेच घात झाला.

नळी कुठे फुटली आहे का हे बघायची दादाची एक रीत आहे. माउथपीस काढायचं. कळा अर्ध्या दाबून हवेची वाट बंद करायची. नळीला ओठ लावून आतली हवा ओढून घ्यायची आणि भोकावर जीभ टेकवायची. जीभ चिकटून राहिली, तर नळी शाबूत. हे नेहमी धुतल्यावर करायचं.

पण त्या दिवशी वहिनी दारात उभी होती. पदराला हात पुसत, लहान मुलीसारखी.

"चांगला आहे का रे? वाजेल?"

कित्येक महिन्यांनी तिच्या डोळ्यांत तसा उजेड दिसला होता. दादाला धीर निघाला नाही. त्याने नळी तोंडात धरली आणि ओढलं.

जीभ चिकटली.

छान चिकटली. नळी शाबूत होती. दादा हसला आणि जीभ सोडवायला गेला...

सुटेना.

आणि मग... आतून कुणीतरी ओढलं.

जिभेचं मूळ ताणलं गेलं. डोळ्यांतून पाणी आलं. दादाने दोन्ही हातांनी ट्यूबा ढकलला. जीभ सुटली, आणि त्याच क्षणी त्याच्या तोंडात काहीतरी सरकलं. बुळबुळीत. जाड. खारट.

गरम.

इतकी वर्षं चादरीखाली पडलेल्या पितळेतून... गरम.

दादा खिडकीबाहेर वाकून ओकला.

"काय रे झालं?"

"काही नाही. शिळी धूळ."

मग त्याने मधला धुतला. उकळतं पाणी, साबण, लांब तारेचा ब्रश. आधी हिरवं पाणी निघालं, मग तपकिरी. दिवसभर न धुतलेल्या तोंडासारखा वास. ब्रशाला चिकटून एक करडी साय बाहेर आली, जिभेवर साचते तशी, पण हातभर लांब. दादाने ती काडीने उचलून मातीत पुरली. पाणी निवळशंख येईपर्यंत धुतलं, मग ट्यूबा रुंद कर्ण्यावर पालथा घालून खोलीतच खिडकीच्या उन्हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी कर्ण्याखाली थारोळं होतं.

धुतल्याचं पाणी असेल... दादाने फडकं टाकलं. फडकं उचललं तर तार आली. लांब, चकाकती, बुडबुड्यांची तार.

थुंकी.

वाजवणाऱ्याची वाफ नळीत साठते, हे खरं. ती सांडायला ट्यूबाला खाली कळही असते. पण कुणी फुंकलंच नव्हतं ना!

तिसऱ्या दिवशी परत. रोज परत. दादाने वहिनीला सांगितलं नाही. काय सांगणार? ती रोज विचारायची, "झाला का माझा मधला?"

मग एक दुपार आली. दादा स्वयंपाकघरात पाणी पीत होता. मागच्या खोलीतून सूर आला.

पांढरी एकचा सा. खोल, गोल, जमिनीतून उगवल्यासारखा. बाकीची तीन पोरंही त्याच्याबरोबर हलकेच घुमायला लागली होती.

दादाचे डोळे भरले. किती लांब श्वास आला हिला! सूर चालला होता... चालला होता... कुठे कंप नाही, कुठे दम घेणं नाही...

"कोण वाजवतंय रे?"

वहिनी मागे उभी होती. हातात भाजीची पिशवी, पायात चपला. आत्ताच बाहेरून आलेली.

सूर थांबला.

दोघं धावत गेले. खोली रिकामी. मधला तसाच पालथा. पण फळीवर ठेवलेलं माउथपीस ओलं होतं. कडेला बुडबुड्यांची गोल रांग, आत्ताच कुणी ओठ काढल्यासारखी.

"तूच वाजवलंस ना? मला चिडवतोस!" वहिनी हसली.

आणि दादा "नको" म्हणेपर्यंत तिने माउथपीस बसवलं, ट्यूबा मांडीवर घेतला आणि ओठ लावले.

सूर लागला. तोच.

वहिनीचा चेहरा आधी फुलला. मग लाल झाला. मग निळसर. सूर थांबेना. तिचे डोळे दादाकडे बघत होते, मोठे मोठे होत होते. हात ट्यूबाला ढकलत होते. ओठ सुटत नव्हते.

दादाने सगळा जोर लावून ओढलं. चिखलातून पाय निघावा तसा आवाज झाला... पच्च.

तिच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती. पिवळट. तिची नव्हती ती.

"मी फुंकतच नव्हते रे," ती म्हणाली. "ते येत होतं. माझ्यात."

संध्याकाळच्या आत दादाने मधला म्हातारीच्या दारात नेऊन ठेवला. भांडण होईल या तयारीने. पण म्हातारीने कर्ण्यात डोकं घालून वास घेतला. मग रुमाल कमरेला खोचला. दादाने पहिल्यांदाच तिचं नाक बघितलं.

"ठेवा," ती म्हणाली. "आता रिकामा आहे."

आता... रिकामा!

त्यानंतर वहिनी बँडमध्ये परतली. बँडच्याच ट्यूबावर वाजवते. लोक म्हणतात, पोरीने काय कमाल केली! पहिल्या कार्यक्रमाला दादा समोर बसला होता. शेवटचा सूर आला. मास्तरांनी हात खाली घेतले, सगळे थांबले. वहिनीचा सूर चालूच होता. मास्तर हसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्या, तरी चालूच होता.

कार्यक्रम झाल्यावर तिने कळ दाबून ट्यूबातलं पाणी सांडलं. ते संपेचना. तिच्या चपलेखाली तारा चिकटत होत्या.

"बघ, परत आला ना माझा श्वास?" ती आनंदाने म्हणाली आणि दादाजवळ तोंड आणलं.

वास आला. तोच. चादरीखालचा.

दादाने गाल पुढे केला.

"तेव्हापासून गालच पुढे करतो रे," तो मला म्हणाला. "भीती असती तर सवय झाली असती. किळस आहे. आणि ती माझी बायको आहे. जिना एका दमात चढते, वर पोचून मला हाक मारते. तिला काय सांगू?"

वहिनीवर माझाही जीव आहे.

परवा दोघं आमच्याकडे आले होते. वहिनी गप्पा मारत होती, हसत होती. अगदी पहिल्यासारखी. पाणी मागितलं, मी दिलं. ते गेल्यावर मी तिचा पेला घासला. परत घासला. गरम पाण्याने धुतला आणि ओट्यावर पालथा घातला.

सकाळी उचलला, तर खाली थारोळं होतं.

पाणीच असेल, म्हणून मी बोट लावलं.

बोटाबरोबर तार आली... गरम.