आईच्या घड्याळातले तीन तास

सुनीती बर्वे यांचं सतरावं पत्र आलं, तेव्हा त्यांची मुलगी इरावती त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी झालेली होती.

ही करणी मंदकोशाची. मंदकोश म्हणजे काळ संथ करणारं दालन. बाहेर एक वर्ष सरतं तेव्हा त्याच्या आत जेमतेम एक तास होतो. सूर्यमालेच्या कडेला वसाहत उभारायला निघालेल्या 'अगस्ती' यानाला तिथवर पोचायला साठ वर्षं लागणार होती. मंदकोशात बसलेल्यांना मात्र हा प्रवास अडीच दिवसांचा. यान सुटून आता पस्तीस वर्षं झाली होती. म्हणजे सुनीतीबाई काल सकाळीच घरातून निघाल्या होत्या, नऊ वर्षांच्या इरावतीची वेणी घालून.

यानावर घरची पत्रं पाठवायला बंदी होती. पहिल्या दोन वर्षांत ती पाठवून पाहिली, तर आतल्या माणसांवर दोन तासांत लग्नं, बारशी आणि मरणं कोसळली. एकानं तर दार उघडायचा प्रयत्न केला. तेव्हापासून आत फक्त कामाचा मजकूर जाई, आणि तोही एकाच वाटेनं: मानक गटाच्या टपालयादीतून.

हा गट यानांच्या झडपा आणि जोडण्यांची मापं ठरवी, म्हणजे कुठल्याही यानाची हवेची नळी कुठल्याही तळाला बसावी. नवं माप ठरवायला यादीतल्या प्रत्येक सदस्याची संमती लागे, आणि 'अगस्ती'तर्फे सदस्य होत्या सुनीतीबाई. यादीत कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं, कोणाचं पत्र पुढे सोडायचं हे बघणारा तो यादीपाल. नागपूरच्या कचेरीतली ही रुक्ष नोकरी इरावतीनं वयाच्या तेविसाव्या वर्षी मागून घेतली, तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं होतं.

आईची पत्रं तिला पाठ होती. 'आटे उजव्या हाताचेच असावेत.' 'तिसऱ्या तक्त्यात चूक आहे, कृपया पाहावे.' ती उत्तर लिही, खाली 'यादीपाल' एवढंच टाकी. कामाच्या पत्रात नाव घालायची पद्धत नव्हती.

सतराव्या पत्रात आईनं लिहिलं होतं, 'नव्या झडपेचा आराखडा मिळाला. मापं स्वतः तपासून तीन तासांत कळवते.'

"तीन तास!" गटाचे प्रमुख डॉ. इनामदार म्हणाले. "म्हणजे आपली तीन वर्षं."

"काम नीट करतायत त्या, सर. घाईनं सही ठोकत नाहीत."

"त्यांचं चुकलं असं मी म्हणतच नाही. पण जुन्या झडपेतलं रबर थंडीत आखडतं, हे मला प्रयोगशाळेत कळलं आणि महिन्याभरात चंद्रावर दोन माणसं गेली. संमती अडली की नवी झडप कुठेच बसवता येत नाही. इरावतीबाई, 'अगस्ती'चं नाव यादीतून काढा. नियमात बसतं."

"नाव काढलं की त्यांची वाट बंद होते, सर. इथून काहीच आत जाणार नाही."

"ठाऊक आहे मला." त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुमचं कोण आहे तिथे?"

"आई."

इनामदार खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "मग मी काढतो नाव. तुम्ही नका काढू."

"नको. माझं काम आहे ते."

तिनं दोन दिवस लावले. त्या दोघा मेलेल्यांपैकी एकीला सात वर्षांचा मुलगा होता, हे तिनं अहवालात वाचलं आणि मग पत्र लिहायला घेतलं. सदस्यत्व संपल्याचं पत्र ठरलेल्या साच्यातलं असतं. कारणाच्या जागी तिनं चंद्रावरची दुर्घटना लिहिली. खाली मात्र पहिल्यांदाच पूर्ण सही केली: इरावती सुनीती बर्वे, यादीपाल. पत्र गेलं. मग तिनं यादीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ती ओळ पुसली.

यादीबाहेरच्यांची पत्रं यादीपालाच्या टपालात अडकून पडतात. ती पुढे सोडायची की नाही हे तोच ठरवतो. वर्षभरानं त्या टपालात एक पत्र आलं.

'तपासणी अर्धवट सोडून संमती देत आहे. माणसं गेली हे मला आधी कळायला हवं होतं. इथल्या जुन्या झडपांसाठी आम्ही जोडतुकडा बनवून घेऊ. सुनीती बर्वे.

यादीपालबाईंना: तुमची सही तासभर बघत बसले आहे. हिशेब मला करता येतो, किती वर्षं झाली ते कळतं. पण माझ्या हाताला अजून तिच्या केसांच्या तेलाचा वास आहे. तू तीच असशील, तर कुठल्याही वाटेनं मला उत्तर धाडू नकोस. पोचेपर्यंत मला ती नऊ वर्षांचीच राहू दे. उद्या उतरले की मी स्वतः विचारीन.'

इरावती पंचेचाळीस वर्षांची होती. 'अगस्ती' पोचायला चोवीस वर्षं उरली होती.

तिनं वरचा मजकूर यादीवर सोडला, खालचा ठेवून घेतला आणि इनामदारांना जाऊन सांगितलं, संमती आली.

"आणखी काही लिहिलंय?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो," इरावती म्हणाली. "उद्या बोलू म्हणालीय."