थंड गाडीचा दुसरा गिअर

शटर खाली ओढ रे निक. पूर्ण नको, गुडघ्याइतकं राहू दे. डोंगरावरून हा कोरडा वारा सुटला की वरचा दिवा हलतो, आणि मग तुम्हा पोरांना भिंतीवर उगाच काहीबाही दिसायला लागतं. कॉफी घ्या. जळकी आहे, पण आपल्या ग्लेंडेलच्या या गल्लीत रात्री दहानंतर याहून बरी मिळायची नाही.

तर निकसाहेबांना जुनी इटालियन गाडी घ्यायची आहे. घ्या बापडे. हौसेला मोल नाही. फक्त घेण्याआधी इथे आपल्या मिस्त्रीला, वारूजला दाखव, घेतल्यावर नको. टायर वरून बघू नकोस, त्याचं वय बघ. आणि विकणाऱ्याने तुझ्या हातावर एकच किल्ली ठेवली, तर दुसरी माग. सापडत नाही म्हणाला, तर गाडी तिथेच सोडून घरी ये.

हसू नकोस. डेल प्रुइटही असाच हसला होता.

डेल म्हणजे आपला नळवाला. या गल्लीतल्या निम्म्या दुकानांची तुंबलेली मोरी त्यानेच काढून दिलेली. राहायला डोंगरापलीकडे, सांता क्लॅरिटाला. बायको जोअ‍ॅन दोन हिवाळ्यांपूर्वी गेली, तेव्हापासून घरात बाप आणि मुलगा, दोघंच. मुलगा वेस, एकोणीस वर्षांचा, गोदामात खोकी उतरवायचा. मुलगा वाईट नव्हता हो. पण आई गेल्यावर दोघांमधलं बोलणंच आटलं. जेवताना मध्ये टीव्ही लागायचा, तो काय बोलेल तेवढंच. डेलच्या मनात आलं, आयुष्यभर जी गाडी भिंतीवरच्या चित्रात पाहिली ती आता घ्यावी. रविवारी दोघांनी बाहेर पडावं. शेजारी शेजारी बसलं की तोंडाकडे बघावं लागत नाही, आणि मग माणसं बोलतात. गाडी म्हणजे निमित्त होतं. त्याला मुलगा परत हवा होता.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी तो चेक खिशात घालून पासाडेनाला गेला. मिसेस हॅल्व्होर्सन म्हणून सत्तरी ओलांडलेल्या बाई, त्यांच्या मिस्टरांची गाडी. गॅरेजात खाली गालिचा अंथरलेला, त्यावर ती गर्द निळी गाडी, आणि शेजारी एक साधी लाकडी खुर्ची.

"रोज संध्याकाळी इथे बसून नुसते बघत राहायचे," बाई म्हणाल्या. "लांब कधी नेलीच नाही. पहिली लांबची फेरी शेजारी कोणी असेल तेव्हाच, असं म्हणायचे. मला म्हणायचे, बस ना. मला बाई भीती वाटायची. शेवटी या खुर्चीतच गेले."

डेलने दुसरी किल्ली मागितली. सापडली की पाठवते, म्हणाल्या. दुसरं गिऱ्हाईक दुपारी येणार होतं. डेलने गाडी कोणाला दाखवली नाही, जॅकवर उचलली नाही, खालून पाहिली नाही. चेक बाईंच्या हातावर ठेवला आणि गाडी घेऊन आला.

सोमवारी इथे आणली. वारूजने तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"हे बरंय तुझं. वरातीमागून घोडं. आता काय, अभिनंदन करू?"

"अरे, मैल किती कमी झालेत बघ तरी."

"तेच तर रडणं आहे. न चालवलेली गाडी चालवलेल्या गाडीपेक्षा लवकर मरते." तो उकिडवा बसला आणि टायरच्या कडेवरचा बारीक आकडा त्याने अंगठ्याने पुसला. "नक्षी नवी कोरी दिसते ना? बारा वर्षांचं रबर आहे हे. उभ्या उभ्या मेलंय. नवे पुढच्या सोमवारी येतील. आता हळूहळू सरळ घरी ने, आणि तोवर तुझ्या गल्लीच्या बाहेर काढायची नाही. डोंगरात नेलीस तर माझ्याकडे परत येऊ नकोस."

"नेली तर यायला उरेन का?" डेल म्हणाला, आणि दोघं हसले.

"आणि हे बघ. थंड असताना दुसऱ्या गिअरला हात लावायचा नाही. ही जात म्हाताऱ्यांसारखी आहे, उठल्या उठल्या वाकत नाही. पहिला टाक, मग सरळ तिसरा. चांगली फिरली, आतलं तेल तापलं, की दुसरा आपोआप पडतो. जबरदस्ती केलीस तर गिअरची पेटी गेली."

मंगळवारी सकाळी डेलने आपल्या घराच्या गल्लीत चक्कर मारली. मुद्दाम दुसरा टाकून पाहिला. भिंतीत मेख मारावी तसा दांडा अडला. वारूज म्हणाला तसंच. डेलला कोण आनंद झाला, जसं काही गाडीने त्याला आपलं म्हटलं.

बुधवारी सकाळी दुसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा गेला.

डेलने गाडी गल्लीच्या तोंडाशीच थांबवली. उतरला. मागच्या झाकणावर हात ठेवला, या जातीचं इंजिन मागेच असतं. आताच तर चालू केली होती, दोन घरंही ओलांडली नव्हती. झाकण चांगलंच तापलेलं होतं.

गुरुवारी तेच. मैलांचा आकडाही पुढे गेलेला. म्हणजे रात्री कोणीतरी गाडी नेत होतं, आणि घरात माणसं दोनच.

"वेस, रात्री गाडी नेलीस?"

"कुठली?"

"नाटकं नकोत."

"डॅड, मला गिअरची गाडी येते तरी का? तूच शिकवणार होतास ना?"

"हल्ली मोबाइलवर बघून माणसं विमानं चालवतात. पिकअप नेऊन ठोकलीस तेव्हाही 'मी नाही' म्हणाला होतास."

"पंधरा वर्षांचा होतो तेव्हा! किती वर्षं तेच तेच?"

डेल किल्ली उशीखाली घेऊन झोपला. शुक्रवारी गाडी पुन्हा गरम. मग त्याच्या डोक्यात आलं, दुसरी किल्ली. गाडीतच कुठेतरी अडकली असणार आणि ती पोराला सापडली असणार. त्याने पासाडेनाला फोन लावला.

"हो हो, आठवलं मला," बाई म्हणाल्या. "त्यांच्या राखाडी कोटाच्या खिशात होती. नेहमी तिथेच ठेवायचे. माझ्या लक्षातच आलं नाही हो, आणि... त्याच कोटात त्यांना पुरलं."

डेलने फोन ठेवला. मुलाला सांगावं असंही त्याच्या मनात आलं. पण संशय एकदा घरात शिरला की पाहुण्यासारखा दोन दिवसांत जात नाही. पोराने किल्लीची नक्कल करून घेतली असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. नळवाल्याला माहीत असतं, पाणी वरून टपकलं तरी गळती घरातच असते.

शनिवारी रात्री, ऑक्टोबरातला शेवटचा शनिवार, जेवताना फुटलं. खिमा-राजम्याच्या चिलीचे वाडगे समोर, टीव्ही बंद.

"तू गाडी नेतोस याचं मला वाईट नाही वाटत," डेल म्हणाला. "तोंडावर खोटं बोलतोस. तुझी आई असती तर तिला कसं तोंड दाखवलं असतंस?"

वेसने चमचा खाली ठेवला. 

"ठीक आहे," तो म्हणाला. "आज रात्री मी गाडीत बसतो. किल्ली तुझ्याकडे. गॅरेजला आतून कडी घाल, माझ्या खोलीची झडती घे, काय हवं ते कर. कोण येतं ते बघू. मग तरी पटेल?"

"बस. झोपू नकोस म्हणजे झालं."

पोराने पांघरूण उचललं, खाली गेला आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसला. चालवणाऱ्याच्या सीटवर नाही बसला, बापाला पुन्हा काही वाटू नये म्हणून. डेलने गॅरेजच्या मोठ्या दाराची कडी सरकवली. वरचा दिवा मालवला. जाताना 'गुड नाइट' म्हटलं नाही.

एक वाजून चाळीस मिनिटांनी त्याला जाग आली.

इंजिन चालू होतं.

किल्ली त्याच्या मुठीत होती. झोपेत त्याने ती इतकी घट्ट धरली होती की तळव्यावर दाते उमटले होते. तो तसाच अनवाणी धावला. गॅरेजचं दार उघडं. कडी जागच्या जागी, सरकवलेली, आणि दार तरीही वर.

गाडी उतारावरून हळूहळू रस्त्यावर येत होती. दिवे बंद. कोपऱ्यावरच्या खांबाचा उजेड तिच्या काचेवर पडला. उजवीकडे, शेजारच्या सीटवर, वेस दिसला. काचेला हाताचा पंजा टेकलेला. डोळे उघडे.

डावीकडे, चालवणाऱ्याच्या जागी, उजेड पोचलाच नाही.

"वेस!"

पहिला गिअर. मग दुसरा. थंड गाडी होती हो. सबंध दिवस उभी. तरी दुसरा कसा पडला, डेलने कानांनी ऐकलं. सावकाश. घाई नसलेल्या माणसासारखा.

डेलने पिकअप काढली. ती निळी गाडी मोठ्या रस्त्याला न लागता डोंगराकडे वळली. कोयोटे कॅन्यनच्या दरीकडे. वर घरं नाहीत. कठडेही थोडेच. वारा असा की पिकअप बाजूला ढकलली जात होती. पुढे, आता पेटलेले, तिचे मागचे दोन लाल दिवे. डेल वेग वाढवी, तसे ते दिवे पुढे जात. तो घाबरून हळू करी, तसे तेही हळू होत.

फोन वाजला. वेसचा.

"डॅड..."

"दार उघड! उडी मार! हँडब्रेक ओढ!"

"उघडत नाहीये."

"कोण आहे? वेस, कोण चालवतंय?"

...

"वेस!"

"डॅड, हळू बोल." पोराचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तो विचारतोय... मला थंडी वाजते का."

डेलने फोन कानाशी दाबला. फोनमध्ये इंजिनाचा आवाज. त्याखाली आणखी काहीतरी. कोणीतरी शीळ घालत होतं. हलकी. सुट्टीवर निघालेला माणूस घालतो तशी.

"डॅड... मी नव्हतो नेत."

"माहीत आहे. माहीत आहे रे बाळा. चुकलो मी. हे बघ, मी मागेच आहे. मी आहे मागे."

"आता पटलं ना?"

"पटलं. वेस, पटलं मला..."

...

फट् करून आवाज झाला. एकच. टायर फुटल्याचा.

वरच्या वळणावर लाल दिवे आडवे झाले. मग एक दिसला. मग एकही नाही.

फोन चालूच होता. त्यात वारा ऐकू येत होता. डेल हाका मारत राहिला. खाली उतरायला वाट नव्हती तरी उतरला, तळपायांची सालं निघाली. शीळ मात्र थांबली होती. नंतर फोनही...

थांब. कॉफी राहू दे. पुढचं थोडंच आहे.

पोलिसांनी लिहिलं ते एका ओळीचं. मुलगा न विचारता गाडी घेऊन गेला, टायर फुटला, आपटून शेजारच्या सीटवर फेकला गेला. डेलने सगळं सांगितलं. त्यांनी त्याच्या अंगावर घोंगडी टाकली, पाणी दिलं, खांद्यावर हात ठेवला. बाप आहे, बोलणारच, असा तो हात. डेल दुसऱ्या दिवशीही गेला, आणि तिसऱ्या दिवशीही. मुलगा परत मिळणार नाही एवढं कळायला तो खुळा नव्हता. त्याचं मागणं एवढंच होतं की कागदावरून ते 'न विचारता घेऊन गेला' तेवढं काढा. पोरगं खरं बोलत होतं, असं कोणीतरी लिहा. कोणी लिहिलं नाही. अजूनही नाही. दफनाच्या दिवशी वेसचे गोदामातले मित्रही म्हणत होते, एवढी गाडी दारात असल्यावर कोणाचा हात आवरतो?

डेलने मग नळाची कामं सोडली. तो इथे येतो कधीकधी, त्या टूलबॉक्सवर बसतो. बोलत नाही. कोणी गाडीचं विचारलं तर उठून जातो.

पण त्याच आठवड्यात त्याने वारूजचे पाय धरले होते, अक्षरशः. "तू एकदा बघून ये. तुला गाड्या कळतात. माझा मुलगा कुठे बसला होता तेवढं बघून ये."

वारूज गेला. गावाबाहेर कुंपणात ठेवतात ना मोडक्या गाड्या, तिथे. भर दुपारची वेळ. टप चेपून सीटांपर्यंत आलेला. शेजारच्या सीटचा पट्टा अग्निशामकवाल्यांनी कापलेला, पोराला काढायला; म्हणजे पोर तिथे फेकलं गेलं नव्हतं, बसलेलंच होतं, आणि कागदावर मात्र हे कुठेच नव्हतं. मग तो वाकून पलीकडे बघायला गेला.

चालवणाऱ्याच्या सीटचा पट्टाही लावलेला होता.

रिकामा पट्टा कोणी लावला तर तो सीटला चिकटून सपाट राहतो, निक. आणि आत माणूस असताना गाडी आपटली, तर विणीवर भाजल्यासारखे वळ उठतात. हे वारूजला सांगावं लागत नाही. त्याने असे शंभर पट्टे बदललेत. या पट्ट्यावर ते वळ होते. पार जळून काळे पडलेले.

आणि पट्टा सपाट नव्हता. तो जागच्या जागी आवळून बसला होता, खांद्यावरून खाली, मग पोटाशी बाहेर गोल फुगून. अंगाने भरलेल्या माणसाला धरून ठेवावं तसा.

वारूजने मधून हात घालून पाहिला. आत काही नव्हतं.