भिंतीवरची मुलगी

दर डिसेंबरात येणारं कासिमचं वादळ त्या वर्षी वेळेआधीच आलं. समुद्र रस्त्यावर चढला, ट्राम अडकली, आणि मी इब्राहिमियातल्या एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली पुस्तक ओढणीत गुंडाळून उभी राहिले. शेजारी एक उंच मुलगा आधीपासूनच उभा होता. तो भिंतीकडे बघत होता... मग माझ्याकडे... मग पुन्हा भिंतीकडे.

भिंतीवर काय आहे ते मला ठाऊक होतं. अलेक्झांड्रियाच्या निम्म्या भिंतींवर तेच होतं. माझा फोटो, आणि खाली लाल अक्षरांत – ‘रसायनाचे बादशाह वजीह सर यांची कन्या दालिया! बारावीला साऱ्या इजिप्तमध्ये नववी! आता मेडिकलला! तुमचा नंबर कधी?’

“फोटोत बरं हसताय,” तो म्हणाला.

“आणि आत्ता?”

“आत्ता... पोटात दुखत असल्यासारख्या दिसताय.”

खरंच दुखत होतं. गेले कित्येक महिने रोज दुखत होतं. पण हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि या ओल्याचिंब माणसाला एका नजरेत कळलं, याचाच मला राग आला.

“मीही तुमच्या वडिलांच्या क्लासला होतो,” तो म्हणाला. “पाचशे मुलांत. खांबामागे. मी हाझिम.”

“किती पडले?” आमच्या घरी माणसाला आधी हेच विचारतात.

“अठ्ठ्याण्णव टक्के.”

“म्हणजे मेडिकललाच! कुठल्या वर्षाला? कधी दिसला नाहीत.”

“सागरशास्त्राला.”

“अठ्ठ्याण्णव घेऊन?” मी किंचाळलेच.

“मामा म्हणतो, मार्क गटारात ओतलेस. मी म्हणतो, गटारात नाही मामा, समुद्रात.”

मी हसले. अशी फस्सकन, नाकातून! किती दिवसांनी हसले कुणास ठाऊक. तो माझ्याकडे पाहत राहिला, आणि मग घाईघाईने पावसाकडे बघायला लागला.

पाऊस थांबला तरी आम्ही दोघंही जरा उशिरानेच निघालो.

*

त्यानंतर तो मला दिसायलाच लागला. की मीच त्या वाटेने जायला लागले? कॉलेज सुटलं की मी समुद्रकाठच्या कोर्निश रस्त्यावरून शात्बीपर्यंत चालत यायची, आणि तिथे खडकांवर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हाझिम पाण्याचे नमुने घ्यायला दोरीला बांधलेल्या बाटल्या समुद्रात सोडत असायचा. मी कठड्यावर बसून पाठांतर करायची. औषधशास्त्र. अमुक औषध, तमुक परिणाम, अमुक औषध, तमुक परिणाम...

“हे दिलं की हृदयाचे ठोके मंदावतात,” एकदा मी मोठ्याने म्हटलं.

“का?” खालून आवाज आला.

“का म्हणजे?”

“म्हणजे कशामुळे मंदावतात?”

“ते परीक्षेत येत नाही.”

त्याने वर पाहिलं. त्या नजरेत चेष्टा नव्हती. सकाळपासून उपाशी राहिलेल्या माणसाकडे बघावं तसं तो बघत होता. “मग तुला मजा कधी येते गं?” त्याने विचारलं.

याचं उत्तर मला पाठ नव्हतं.

त्याच्यासारखा माणूस मी पाहिलाच नव्हता. तो म्हाताऱ्या कोळ्यांना प्रश्न विचारायचा, प्राध्यापकांना विचारायचा, हलबिसावाल्यालाही विचारायचा, की बाबा रे, हरभऱ्याच्या या पाण्यात तू जिरं आधी घालतोस की मिरची? आणि कुणी त्याला काही विचारलं आणि येत नसलं, की “मला नाही माहीत!” असं इतक्या आनंदाने म्हणायचा, जणू कुणी त्याला काहीतरी भेट दिलंय. हे तीन शब्द मी जन्मात उच्चारले नव्हते. त्याच्या पापण्यांवर मीठ सुकलेलं असायचं. मी पुस्तकात बघतेय असं दाखवून ते बघत बसायची.

एक दिवस त्याने माझ्यापुढे मनगट धरलं. “मोज. पुस्तकातले ठोके पुरे झाले, जरा खरे मोज.”

मी दोन बोटं ठेवली. त्याचा हात गार होता, पण आत...

“एवढे भरभर का पडतायत? धावत आलास?”

“नाही. तासभर इथेच बसलोय.”

“मग?”

“डॉक्टर तू होणार आहेस,” तो समुद्राकडे बघत म्हणाला. “कारण तूच शोध.”

मी हात काढून घेतला. जरा... सावकाश.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी ठोके का वाढतात आणि का मंदावतात ते खरोखरच वाचलं. मार्कांसाठी नाही. आणि मला ते समजलं! मी एकटीच खोलीत टाळी वाजवली. पण असं एकच पान झालं होतं. बाकीची शेकडो पानं नुसतीच घोकलेली, एकावर एक रचलेली, आणि परीक्षा दारात.

*

औषधशास्त्राचा पेपर हातात आला तेव्हा मला सगळं येत होतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुठल्या पानावर आहे, तेही दिसत होतं. पण हात हलेना. अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलायला लागली. कानात नुसता घूं घूं आवाज. घंटा झाली तेव्हा उत्तरपत्रिकेवर फक्त माझं नाव होतं.

“कसा गेला, डॉक्टर?” बाबांनी दारातच विचारलं. मी तीन वर्षांची असल्यापासून ते मला हीच हाक मारतात.

“छान,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कठड्यावर बसून मी हाझिमला सगळं सांगितलं. म्हणजे सांगायचं होतं... पण मध्येच रडूच आलं. त्याने हातातली दोरी खाली ठेवली.

“जेवलीस?”

“नाही.”

तो गाडीवरून भाजलेलं रताळं घेऊन आला. सोललं, फुंकर घालून गार केलं, आणि मी शेवटचा घास खाईपर्यंत नुसता शेजारी बसून राहिला. मग म्हणाला, “बाबांना सांगशील?”

“ते मरतील, हाझिम.”

“मरणार नाहीत. चिडतील. खरं म्हणजे घाबरतील. मी सागरशास्त्र म्हटलं तेव्हा आई घर डोक्यावर घेत होती. ती घाबरली होती, हे मला फार उशिरा कळलं.”

“शुक्रवारी क्लासचा मोठा मेळावा आहे. दरवर्षी मी स्टेजवर उभी राहून नववी कशी आले ते सांगते.” मी ओढणीने नाक पुसलं. “तू येशील?”

“खांबामागे असेन. जागा ओळखीची आहे.”

*

शुक्रवारी बाबा नव्या सुटात होते. गाडीत सांगायचं ठरवलं होतं, पण वाटभर त्यांचा फोन वाजत राहिला. सभागृह खचाखच भरलेलं. माझं नाव पुकारलं गेलं, टाळ्या झाल्या, माईक हातात आला.

पहिल्या रांगेत एक मुलगी बसली होती. सतराची असेल. नखं कुरतडून कुरतडून बोटं लाल झालेली, डोळ्यांखाली काळं. ती वही उघडून माझ्याकडे बघत होती, मी बोलेन ते लिहून घ्यायला. आणि मला ते नेहमीचं भाषण करवेना.

“मी नववी आले होते,” मी म्हटलं. “आणि परवा मी औषधशास्त्राचा पेपर कोरा दिला.”

कुठेतरी एक खुर्ची करकरली.

“मला सगळं पाठ होतं. समजलं काहीच नव्हतं. मला झोप येत नाही, माझे केस गळतात, रोज पोटात दुखतं. नववी कशी यायची ते मी तुम्हाला सांगू शकते, पण त्याचं पुढे काय करायचं ते... मला नाही माहीत.” मी पहिल्या रांगेकडे वळले. “तुम्हाला जे समजलं नसेल ते आत्ता विचारा. माझे बाबा इथे आहेत. त्यांना येतं. खरंच येतं.”

मी माईक स्टेजवरच बसलेल्या बाबांपुढे धरला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आता ते मला हाताला धरून खाली उतरवतील, असं वाटलं.

तेवढ्यात ती पहिल्या रांगेतली मुलगी उठली. “सर... मीठ पाण्यात विरघळतं, तेलात नाही. तुम्ही लिहून दिलंय, माझं पाठही आहे. पण... का?”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग त्यांनी तो नवा कोट काढला, खुर्चीवर टाकला आणि म्हणाले, “चार जण वर या. तू पाणी. तूही पाणी. तुम्ही दोघं मीठ. धरा एकमेकांचे हात. घट्ट!”

पाणी झालेली मुलं मीठ झालेल्यांना ओढायला लागली, सभागृह हसायला लागलं, बाबा मध्ये उभे राहून हातवारे करत ओरडत होते, घामाघूम, बाह्या सरसावलेले. एकामागून एक हात वर येत राहिले. हे बाबा मी लहानपणी आमच्या स्वयंपाकघरात पाहिले होते, आईच्या पातेल्यांशी खेळत मला शिकवणारे. ते अजून आहेत हे मलाही माहीत नव्हतं, आणि बहुतेक त्यांनाही.

*

बाहेर समोरच्या समुद्रावरून वारा सुटला होता. हाझिम पायरीशी उभा होता. काही बोलणार, तोच मागून बाबा आले.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही डॉक्टर म्हणून हाक मारायचात, बाबा. डॉक्टरने असं कसं सांगायचं?”

ते जवळ आले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून, अडखळत म्हणाले, “दालिया... तो पेपर सप्टेंबरला पुन्हा देता येतो ना? मग आता घरी चल आणि झोप.” त्यांचे डोळे भरून आले होते. ते लपवायला त्यांनी मान वळवली, आणि समोर हाझिम दिसला.

“हा कोण?”

“हाझिम, सर. तुमचाच विद्यार्थी.”

“अठ्ठ्याण्णव घेऊन समुद्रात गेलेला? तुझा फोटो छापून तयार होता रे, रद्दीत घालावा लागला! इथे काय करतोयस?”

प्रश्न साधा होता. काहीही थाप मारता आली असती.

“सर,” हाझिम म्हणाला, “मला दालिया आवडते.”

बाबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“हे तिला माहीत आहे?”

“नाही, सर.”

“मग आधी तिला सांग ना, गाढवा! मला काय सांगतोस?” असं म्हणून ते गाडीकडे गेले, आणि हातातल्याच किल्ल्या खिशात शोधत पाठमोरे उभे राहिले.

हाझिम माझ्याकडे वळला. कानापर्यंत लाल. लाटांच्या गर्जनेत, अगदी हळू आवाजात, त्याने ते मला सांगितलं.

“ऐकू नाही आलं,” मी म्हटलं.

साफ ऐकू आलं होतं. पण त्याने ते पुन्हा सांगितलं... या वेळी मोठ्याने.