मागं बघू नको

येलदरी धरणाच्या पाण्याकाठी त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की मला माझी स्वतःचीच म्हैस दिसेना. तेवढ्यात पाण्याच्या अंगानं कुणीतरी म्हणालं, "इकडं हाय... माझ्याजवळ."

आवाज होता, माणूस नव्हतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"आधी पाय दाखवा!"

"उलटे न्हाईत हो... नुसते चिखलात हायत!" म्हशीच्या गळ्यात हात टाकून एक मुलगी हसत धुक्यातून बाहेर आली. झरीची राजेश्री, गुरांची नवी डॉक्टर. "अन् मी भूत असते, तुमाला धरलं असतं, तर?"

"तर... सोडवून घेतलं नसतं," मी बोलून गेले, आणि कान तापले.

मग हिवाळाभर ती आमची म्हैस तपासायला येत राहिली. म्हैस ठणठणीत होती, दुखणं आम्हा दोघींचं होतं! पण म्हैस खरंच अडली तेव्हा राजेश्री गोठ्यातून हलली नाही. वगार सुखरूप बाहेर आली, तशी आईनं राजेश्रीवरून बोटं मोडली. "असं लेकरू माझ्या पोटी पायजे होतं!"

आणि जेव्हा मी नाव न घेता आईला सांगितलं, की माझा जीव एका मुलीवर जडलाय, तेव्हा तीच आई पांढरीफटक पडली. "तुला बाहेरचं लागलंय, योगिनी. असल्या बाया माणसात नसत्यात."

म्हणून तिन्हीसांजेला ती मला पाण्यावर घेऊन आली. निघताना मी राजेश्रीला फोनवर तेवढं कळवलं होतं. आईनं माझ्यावरून दहीभात उतरवून काठाला ठेवला.

"आता मागं बघू नको. बघितलं की ती घरापस्तोर येती."

धुकं पुन्हा उतरलं होतं. आम्ही चालू लागलो, आणि मागून हाक आली.

"योगिनी..."

आईनं माझं मनगट आवळलं. पुन्हा हाक आली... जवळून. मला रडू फुटलं. आज मी गप्प राहिले असते, तर राजेश्री आईसाठी जन्मभर भूतच राहिली असती.

"आई... राजेश्री हाय ती. तीच ती मुलगी."

"आपली... डॉक्टरीन?"

"हं."

मागची पावलं थांबली. "मावशी... मी जाऊ का?"

आई कितीतरी वेळ समोरच बघत राहिली. मग ती सावकाश मागं वळली आणि राजेश्रीला पायांपासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

"आता कुठं जातीस? मी मागं बघितलं की... चल घरला."