एकच मशीन

"चार? परत चारच?" मुलुंडच्या हॉस्पिटलात रिपोर्टच्या खिडकीशी एक उंच मुलगा किंचाळला. मी वाकून कागदावरचं नाव वाचलं. भीमराज शिरसाट. माझे पप्पा!

"वाचता येतं ना तुला?" मी कागद हिसकावला. "हा आमचा आहे. तुझा बघ... सहा. नाच आता!"

तो खरंच नाचला. वेडाच होता. वेन त्याचं नाव, मरोळचा. त्याची आई बर्था आणि माझे पप्पा, दोघांनाही हाडांच्या मगजाचा कॅन्सर. रोज इंजेक्शनं द्यायची, की मगजातल्या मूळपेशी रक्तात उतरतात. रक्तातला त्यांचा आकडा दहाच्या वर गेला की मशीनने त्या काढून ठेवायच्या आणि मोठ्या केमोनंतर परत द्यायच्या. घाई केली तर हाती काही नाही, उशीर केला तर आकडा उतरतो. मग रोज सकाळी रक्त, अकराला आकडा... आणि डॉक्टरांचं 'उद्या बघू.' वीट आला होता मला!

त्यात हा वेन शेजारी बसून घरच्या फुगिया, ते तळलेले गोल पाव, खाणार.

"शीतल, तू कायम अशी चिडलेली असतेस?"

"तू कायम असा चिकटतोस?"

"नाही... तुझ्या बाबतीतच."

पप्पा गालात हसायचे. मला आणखी राग यायचा.

शुक्रवारी बर्था आंटींचा आकडा आला बत्तीस, पप्पांचा अकरा. आणि दोनपैकी एक मशीन बंद!

"यांचा कधीही खाली येईल," डॉक्टर आंटींना म्हणाले. "तुमचा बहुतेक उद्यापर्यंत टिकेल. हरकत नसेल, तर आज यांना घेतो."

"नको, त्यांचा नंबर आधी आहे," पप्पा पुटपुटले.

"ममा, 'बहुतेक' म्हणाले ते!" वेनचा आवाज चिरकला.

मी पप्पांची बाही धरून ठेवली. कारण मला ते मशीन पप्पांसाठीच हवं होतं.

"बसा हो भाऊ," आंटी म्हणाल्या. "मी उद्या येते."

पप्पा पाच तास मशीनवर होते. वेन बाहेर गप्प बसून होता. त्याची बडबड नव्हती, तर मला बसवेना.

"रागावलास?"

"हो. ममावर, डॉक्टरवर, त्या बंद मशीनवर..." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुझ्यावर जमत नाही यार."

शनिवारी आंटींचा आकडा सव्वीस आला. त्यांना आत घेतलं, तेव्हा कुठे मी बाकावर टेकले.

"तुमचं तर कालच झालं," वेन म्हणाला. "तू का आलीस?"

"विक्रोळीहून मुलुंडला माणूस काय हवा खायला येतो?"

"शीतल... मला तू आवडतेस. ही काही वेळ नाही, माहितेय—"

"मग कशाला बोलतोस?"

"पोटात राहत नाही."

मी वैतागून त्याचा हात धरला... आणि सोडला नाही.

"मलाही तू आवडतोस. आता गप्प बस, आंटी काचेतून बघतायत!"